दहातले नऊ

‘शूटआऊट’ हा शब्द ऐकला की मुंबईकराला १९९१ सालची लोखंडवाला संकुलातली चकमक आठवते. पोकरच्या जगात मात्र शूटआऊट हा स्पर्धेचा एक प्रकार आहे. त्याचा पहिला दिवस कसा जातो हे नीट पाहिले, तर ‘पत्ते म्हणजे कौशल्य की नशीब’ या आपल्याकडच्या जुन्या वादात एक महत्त्वाचा प्रश्न विचारायचाच राहून गेला आहे, हे ध्यानात येते.

लास व्हेगासला १९७० पासून भरणाऱ्या ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’मध्ये दीड हजार डॉलर प्रवेशशुल्काची शूटआऊट स्पर्धा अनेकदा झाली आहे. तिचा आराखडा सरळ आहे. एक हजार खेळाडू धरले, तर दहा-दहा जणांची शंभर टेबले होतात. नेहमीच्या स्पर्धेत माणसे बाद होत जातात तशी टेबले मोडली जातात आणि उरलेल्यांना दुसरीकडे बसवले जाते. अंग चोरून, पाने टाकून देत बसलेला खेळाडूही तिथे बक्षिसांच्या यादीच्या तळाशी कसाबसा पोहोचतो. शूटआऊटमध्ये टेबल मोडत नाही. सुरुवातीला समोर आलेल्या नऊही जणांच्या चिप्स संपल्याशिवाय सुटका नाही. दुसरा आणि दहावा सारखेच. दोघेही रिकाम्या हाताने जातात. शंभर विजेते दुसऱ्या दिवशी पुन्हा सारख्या चिप्स घेऊन बसतात, त्यांतून दहा उरतात आणि शेवटी एक.

खेळ म्हणून हा प्रकार देखणा आहे, यात शंका नाही. दहा जण असताना संयम लागतो. बहुतेक पाने टाकूनच द्यायची असतात. पाच-सहा उरले की सक्तीची बोली वरचेवर अंगावर येते आणि नुसते बसून भागत नाही. दोघेच उरले की हलक्या पानांवरही झुंजावे लागते. दिवसभर तेच चेहरे समोर असल्याने कोण केव्हा थाप मारतो, हेही उमगत जाते. कौशल्याला याहून जास्त वाव कुठे मिळणार?

आता थोडे अंकगणित करू. सगळे सारख्याच तोडीचे असतील, तर प्रत्येकाला दहात एक संधी. समजा, एकजण इतका तरबेज आहे, की त्याची संधी इतर प्रत्येकाच्या दुप्पट आहे. तरी ती अकरात दोन, म्हणजे अठरा टक्के. पाचांपैकी चार वेळा तोही पहिल्याच दिवशी बाहेर पडणार. आणि सगळे हजार खेळाडू निष्णात असले, तरी नऊशे जण हरणारच! कोणी वर यायचे हे कौशल्य ठरवील. किती जणांनी बुडायचे हे मात्र आराखड्यानेच ठरवून ठेवले आहे.

रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले. न्यायालयापुढचा प्रश्न जुगाराच्या कायद्याचा होता, खेळणाऱ्याच्या खिशाचा नव्हता. पण पुढे मोबाइलवरच्या जाहिरातींनी तोच ‘कौशल्य’ शब्द पोकरलाही चिकटवला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला.

कोणी म्हणेल, स्पर्धा परीक्षेतही दहातले नऊ नापासच होतात. खरे आहे. पण तिथे नापास झालेल्याच्या शुल्कातून पास झालेल्याचा पगार निघत नाही, आणि केलेला अभ्यास थोडाफार तरी गाठीशी राहतो. इथे हरणाऱ्यांचा पैसा हेच जिंकणाऱ्याचे बक्षीस.

२००३ साली ख्रिस मनीमेकर या हौशी खेळाडूने वर्ल्ड सीरिजची मुख्य स्पर्धा जिंकून पंचवीस लाख डॉलर मिळवले, आणि घरबसल्या पोकर शिकणाऱ्यांची जगभर लाट आली. त्या स्पर्धेत ८३९ जण उतरले होते. लाट आली ती एकाच्या नावाने.

गमावले तरी चालेल एवढाच पैसा घेऊन, डोळे उघडे ठेवून खेळणाऱ्या प्रौढाला उपदेश करण्याचे कारण नाही. पण ज्यांना कौशल्याच्या नावाने या खेळाकडे बोलावले जाते, त्यांना पहिल्या दिवसाचा हिशेबही सांगितला पाहिजे. टेबलाभोवती दहा खुर्च्या असतात. रात्री उठताना त्यांतल्या नवांच्या हाती काहीच नसते.