३१ डिसेंबरनंतर माल उतरणार नाही

हे निवेदन नाही. निवेदने देऊन झाली.

आम्ही राज्यातले भंगार गोळा करणारे, हातगाडीवाले, वखारवाले, तोडणी कामगार. बंद पडलेला टीव्ही, फ्रिज, मोबाइल घराघरांतून आम्ही उचलतो. घरमालकाला त्याचे रोख पैसे आम्ही मोजतो. तिसऱ्या मजल्यावरून फ्रिज पाठीवर उतरवणारा माणूस आमचाच असतो.

ई-कचऱ्याचे पहिले नियम १ मे २०१२ रोजी लागू झाले. कामगार दिनी. आम्ही वाट पाहिली.

२०१६ चे नियम आले. तोडणी आणि रिसायकलिंगच्या कामगारांची नोंदणी राज्याने करावी, त्यांना प्रशिक्षण द्यावे, त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवावे, औद्योगिक वसाहतींत या कामासाठी जागा राखावी, असे त्यांत स्पष्ट लिहिले होते. आम्ही अर्ज केले. पोच घेतली. पुन्हा वाट पाहिली.

२०२२ च्या नियमांतही राज्यावर हीच जबाबदारी आहे. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आमच्या हातात आजही पोचपावत्याच आहेत.

दरम्यान सरकार म्हणून तुम्ही सांगितले ते आम्ही केले. वायर जाळू नका म्हणालात, आम्ही ती सोलू लागलो. वेळ वाढला, मजुरी वाढली नाही. सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवू नका म्हणालात. त्या वाफांनी ज्यांची छाती गेली, त्यांना हे सांगायची गरज नव्हती. बोर्ड न फोडता नोंदणीकृत रिसायकलरकडे जाऊ लागले.

मग २०२४ मध्ये तुम्ही दर ठरवला. वस्तू बनवणाऱ्या कंपनीने रिसायकलरला किलोमागे किमान २२ रुपये द्यायचे. स्मार्टफोनसाठी ३४.

दर योग्य आहे. कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आम्ही दराच्या बाजूने आहोत, आजही.

पण त्या २२ रुपयांतला किती हिस्सा माल आणणाऱ्याच्या हाती पडावा, याची एक ओळही नियमांत नाही. पैसा रिसायकलरच्या फाटकापर्यंत येतो. फाटकाबाहेर आम्ही उभे आहोत.

आता साखळी नीट पाहा.

कंपनीला रिसायकलिंगचे प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्र मिळते ते रिसायकलरने काढलेल्या सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या वजनावर. धातू काढायला माल लागतो. देशातला बहुतांश माल आमच्यासारख्यांच्या काट्यावरून जातो. २०२६-२७ पर्यंत कंपन्यांचे रिसायकलिंगचे उद्दिष्ट ७० टक्के आहे. त्यानंतर ८०. उद्दिष्ट चुकले की पर्यावरण भरपाई त्यांनी भरायची आहे, आम्ही नाही.

आमचे म्हणणे थोडे आहे. किमान दरातला माल गोळा करणाऱ्याचा हिस्सा लेखी ठरवा. तो थेट खात्यात जमा होईल अशी सोय करा. कामगार नोंदणी सुरू करा. औद्योगिक वसाहतींत शेड द्या. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी तर तुमच्याच नियमांत आहेत.

मुदत ३१ डिसेंबर.

१ जानेवारीपासून एकही गाडी रिसायकलरच्या फाटकात शिरणार नाही. आर्थिक वर्षाचे शेवटचे तीन महिने आम्ही जाणीवपूर्वक निवडले आहेत. प्रमाणपत्रांची धावपळ तेव्हाच असते.

रस्ता अडवणार नाही. घोषणा देणार नाही. आमचा माल चोरून जाळला जाईल, अशी बातमीही कुणी पेरू नये. माल वखारीत राहील. कुलूप आमचे असेल.

धंदा थांबला तर घर कसे चालेल, हे आम्हाला विचारू नका. त्याची तजवीज झाली आहे. गणेशोत्सवापासून प्रत्येक वखारीने त्यासाठी पैसे बाजूला काढले आहेत.

मधल्या माणसांकडून निरोप पाठवू नका. एखाद्या वखारीवर अचानक तपासणी आली, तर मुदत त्याच दिवशी संपली असे आम्ही धरू.

बोलायचे असेल तर आमचे पाच प्रतिनिधी येतील. हिस्सा, तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहिलेला मसुदा आधी पाठवा. त्याशिवाय बैठकीला कुणी येणार नाही.