बारा महिन्यांची वाट कशासाठी?

बेंगळुरूहून कोलारच्या रस्त्याला लागले की शहराबाहेर होसकोटे हे तालुक्याचे गाव लागते. एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत मोडणारा हा मुलूख आज कारखाने, गोदामे आणि नव्या वसाहतींनी व्यापला आहे. आईवडील पाळीवर कामाला, घरात स्वस्त इंटरनेट आणि शाळकरी मुलाच्या हाती मोबाइल, हे तेथील चित्र चाकण किंवा वाळूजच्या वाचकालाही परके वाटणार नाही.

तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारे देशातील एक आद्य केंद्र येथून फार दूर नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१४ मध्ये ‘शट क्लिनिक’ सुरू केले. ‘सर्व्हिस फॉर हेल्दी यूज ऑफ टेक्नॉलॉजी’ हे त्याचे पूर्ण नाव. तंत्रज्ञानाचा निरोगी वापर शिकवणे हा त्यामागील हेतू. पण अंतर केवळ किलोमीटरचे नसते. मूल तज्ज्ञापर्यंत पोहोचते ते बहुधा नववीचा निकाल बिघडल्यावर, शाळा सुटल्यावर किंवा मोबाइल हिसकावल्यावरून घरात हात उगारला गेल्यावर. खरा प्रश्न त्याआधीच्या महिन्यांचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाला मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते अमलात आले. त्यात ‘गेमिंग विकार’ ही स्वतंत्र नोंद आहे. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर आवडी व दैनंदिन कामांपेक्षा खेळाला अधिकाधिक प्राधान्य मिळणे आणि नुकसान होत असूनही खेळ चालूच राहणे, ही त्याची तीन लक्षणे. त्यांमुळे शिक्षण, कुटुंब किंवा मैत्री यांची लक्षणीय हानी झालेली असावी लागते आणि हे सारे सामान्यतः किमान १२ महिने दिसावे लागते. किती तास खेळले म्हणजे विकार, असा आकडा या व्याख्येत कोठेही नाही.

निदानासाठी ही सावधगिरी योग्यच आहे. मात्र त्याच वर्गीकरणात ‘धोकादायक गेमिंग’ अशी आणखी एक नोंद आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. खेळण्याच्या पद्धतीमुळे शरीराला वा मनाला हानी पोहोचण्याचा धोका वाढू लागला आहे, पण विकार अद्याप जडलेला नाही, अशी ही अवस्था. रात्री दोनपर्यंत जागरण, पहिल्या तासाला डुलक्या, मैदानाकडे पाठ, जेवणाचे ताट खोलीत. मदतीची वेळ हीच. बारा महिन्यांचे माप डॉक्टरांच्या निदानासाठी आहे. पालकांनी आणि शाळेने तेवढे दिवस हातावर हात ठेवून बसावे, असा त्याचा अर्थ होत नाही. दहावीतल्या मुलासाठी बारा महिने म्हणजे अख्खी दहावी.

लवकर मदत उपयोगी ठरते का, याचे एक उत्तर जर्मनीतून मिळते. तेथील ३३ शाळांतील, धोक्याची चिन्हे दिसणाऱ्या ४२२ विद्यार्थ्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रत्येकी दीड तासाची अवघी चार सत्रे. विषय होते कंटाळा, अभ्यासातील चालढकल, परीक्षेची धास्ती, लोकांत मिसळण्याची भीती आणि भावना हाताळणे. वर्षभरानंतर, सत्रांना बसलेल्या मुलांची लक्षणे इतरांपेक्षा अधिक उतरली होती. नव्याने विकार जडण्याच्या प्रमाणात मात्र दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हा रामबाण उपाय नाही, हे उघड आहे. तरीही अवघ्या सहा तासांतून झालेला हा लाभ दुर्लक्षिण्याजोगा नाही.

याउलट बंदीचा अनुभव पाहावा. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत ऑनलाइन खेळ बंद केले. तो कायदा २०२२ च्या आरंभी रद्द झाला. चीनने २०१९ मध्ये घातलेल्या वेळमर्यादेनंतर अतिखेळणे घटल्याचा पुरावा, ‘नेचर ह्युमन बिहेवियर’मधील २०२३ च्या अभ्यासात सापडला नाही. भारतातील २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांना मनाई करतो. तो आवश्यक आहे. परंतु पैसे न लावता रात्रभर लढाईचा खेळ खेळणाऱ्या मुलाची झोप त्याने परत येत नाही.

आक्षेप असा घेतला जाईल की, मुलांच्या साध्या विरंगुळ्याला आजाराचे लेबल चिकटवले जात आहे. २०१७ मध्ये अनेक संशोधकांनीही जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रस्तावावर असाच इशारा दिला होता. तो विसरता येणार नाही. बहुसंख्य मुले खेळतात आणि सुखाने मोठी होतात. म्हणूनच पहिली मदत लेबलाविना, शाळेतच मिळायला हवी. झोप कशी आहे, मित्र कोण, शाळेत काय डाचते, एवढे आपुलकीने विचारले तरी पुष्कळ कळते. अनेकदा खेळ हा नैराश्य, एकाग्रतेतील अडचण किंवा छळ यांपासूनचा आसरा असतो. तो नुसता हिसकावला, तर दुखणे तसेच राहते.

यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. आयुष्मान भारतअंतर्गत २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करायचे आहे आणि त्याच्या ११ विषयांत इंटरनेटच्या सुरक्षित वापराचाही समावेश आहे. त्या शिक्षकांना हा विषय हाताळण्याचे नेमके प्रशिक्षण द्यावे, तालुका रुग्णालयात समुपदेशक नेमावा आणि ज्याला गरज असेल त्यालाच पुढे निम्हान्ससारख्या केंद्राकडे पाठवावे. तोवर ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सेवा मराठी व कन्नडसह अनेक भाषांत चोवीस तास उपलब्ध आहे.

होसकोटे ते निम्हान्स हे अंतर काही तासांत कापता येते. पहिली मोडलेली झोप आणि पहिला आपुलकीचा प्रश्न यांतील अंतर मात्र अनेक घरांत वर्षभराचे असते. कमी करायचे आहे ते हेच.