तिकिटाची मुदत संपते, पैशाची का संपावी?

थीम पार्कच्या तिकिटावर लेख लिहावा असे काय घडले, असा प्रश्न आमच्या काही वाचकांना पडेल. शिष्यवृत्ती, गायरान जमिनी, अत्याचाराचे खटले अशी प्रश्नांची रांग उभी असताना हे पाळण्याचे आणि घसरगुंडीचे काय घेऊन बसलात, असेही कोणी म्हणेल. आमचे उत्तर सरळ आहे. छापील अटीचा जो न्याय तिकिटावर चालतो तोच मोबाईलच्या रिचार्जवर, क्लासच्या फीवर आणि बिल्डरच्या करारावर चालतो. तिकीट हा सर्वांत लहान करार. तो लहान आहे म्हणूनच त्यातली लबाडी लवकर दिसते.

दुसरे असे की, या उद्यानांत केवळ श्रीमंत जातात ही समजूत चुकीची आहे. वर्षभर पैसे साठवून मुलांना एकदा खोपोलीजवळच्या इमॅजिकात किंवा तशाच एखाद्या पार्कात नेणारा कंपनीतला कामगार, अंगणवाडी सेविका, शाळेची सहल काढणारे शिक्षक हेही तिथले गिऱ्हाईक असतात. श्रीमंताचा एक दिवस हुकला तर तो पुन्हा जातो. कामगाराचा हुकला तर तो हुकलाच. म्हणून मुदतीच्या नियमाचा खरा फटका कोणाला बसतो, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

या नियमांचा इतिहास पाहायचा तर अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डकडे पाहावे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालेले हे उद्यान जगभरच्या पार्कांना वाट दाखवते. आपल्याकडच्या सहल कंपन्या तिथे माणसे नेतात आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे गावाहून आई-वडील गेले की तेही तिथे जाऊन येतात. या डिस्ने वर्ल्डमध्ये २००४ पर्यंत अनेक दिवसांचे पार्क हॉपर तिकीट मिळत असे. पाच दिवसांचे तिकीट घेतले आणि तीनच दिवस वापरले, तर उरलेले दोन दिवस संपत नसत. पाच वर्षांनी या, दहा वर्षांनी या, दार उघडे असे. पैसे दिले आहेत, वस्तू अजून घेतलेली नाही, ती केव्हाही घ्या. वाण्याच्या दुकानातला साधा हिशेब होता.

जानेवारी २००५ मध्ये कंपनीने तिकिटांची नवी पद्धत आणली. पहिल्या वापरापासून १४ दिवसांत उरलेले दिवस वापरा, नाहीतर ते गेले. ते जाऊ नयेत असे वाटत असेल तर 'मुदत नाही' ही सोय वेगळे पैसे भरून घ्या. वाचकहो, यातली मेख पाहा. काल जे तिकिटाच्या किमतीतच मिळत होते ते आज वेगळी वस्तू म्हणून विकायला निघाले. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये ती विकतची सोयही बंद झाली. त्याच महिन्यात तिथल्या मॅजिक किंगडम या मुख्य पार्काचे एका दिवसाचे प्रौढांचे तिकीट प्रथमच १०० डॉलरच्या वर, १०५ डॉलरवर गेले. ऑक्टोबर २०१८ पासून तारखेनुसार दर ठरू लागले. एका दिवसाचे तिकीट त्याच तारखेला चालते, चार दिवसांचे सात दिवसांत संपवावे लागते, दहा दिवसांचे चौदा दिवसांत. म्हणजे चौदा वर्षांत एक हक्क आधी विकाऊ झाला आणि मग नाहीसा झाला. हा बदल एका दिवसात केला असता तर ओरड झाली असती. तो तीन पायऱ्यांनी केला.

आता कंपनीची बाजू. वकिली करणाऱ्या माणसाने समोरच्याची बाजू आधी मांडावी, ती खोडायची असली तरी. पार्कवाले म्हणतात की, एका दिवसात किती माणसे आत घेता येतील याला मर्यादा आहे. कोण कधी येणार हे ठाऊक असेल तर नोकर किती ठेवायचे, अन्न किती शिजवायचे हे ठरते. दुसरे, जुन्या दराचे तिकीट वीस वर्षांनी वापरले तर कंपनीने तोटा का सोसावा? तिसरे, अनेक दिवसांच्या तिकिटात पुढचे दिवस स्वस्तात दिलेले असतात आणि ती सवलत मुदतीच्या बदल्यात असते. चौथे, उरलेले दिवस काळ्या बाजारात विकले जातात.

यातला पहिला मुद्दा आम्हाला मान्य आहे. ठरलेल्या तारखेच्या तिकिटाला मुदत असणारच. रेल्वेची गाडी सुटली, आपली जागा रिकामी गेली, तर ते नुकसान खरे आहे. परंतु रेल्वेसुद्धा गाडी सुटण्याच्या पुरेसे आधी तिकीट रद्द केले तर वेळेनुसार काही रक्कम कापून बाकीची परत करते. संपूर्ण रक्कम गिळणे हा एकच मार्ग नाही, हे आपली रेल्वे रोज दाखवते.

दुसरा मुद्दा अर्धाच खरा आहे. जुन्या तिकिटावर आजचा प्रवेश द्या असे आम्ही म्हणतच नाही. जुन्या तिकिटाचे जेवढे पैसे घेतले तेवढे आजच्या दरातून वजा करा, एवढेच म्हणणे आहे. गंमत अशी की, डिस्ने कंपनी हे काही प्रमाणात करते. अजिबात न वापरलेल्या आणि मुदत संपलेल्या तिकिटाची भरलेली किंमत नव्या तिकिटाच्या किमतीत धरली जाते. मग चारपैकी एकच दिवस वापरलेल्या तिकिटाच्या तीन दिवसांना तो न्याय का नाही? अजिबात न आलेल्या माणसाचे पैसे जिवंत राहतात आणि एक दिवस येऊन मूल आजारी पडले म्हणून परत गेलेल्याचे मरतात, यात कोणते तर्कशास्त्र आहे? पुढचे दिवस स्वस्तात दिले होते असे म्हणाल, तर त्या स्वस्त दरानेच हिशेब करा. शून्य हा कोणताच दर नव्हे. तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर यातच आले.

चौथा मुद्दा तर उलटा कंपनीवरच फिरतो. फ्लोरिडाच्या कायद्यात असे अहस्तांतरणीय, अनेक वेळा वापरण्याचे तिकीट एकदा वापरल्यावर व्यवहार म्हणून दुसऱ्याला विकणे हा गुन्हा आहे. शिवाय फाटकावर बोटाची खूण तपासून तिकीट त्याच माणसाचे आहे याची खात्री केली जाते. म्हणजे काळ्या बाजाराचा बंदोबस्त आधीच झालेला आहे. त्यासाठी मुदतीची गरज उरत नाही. गिऱ्हाइकाची स्थिती मात्र पाहा. उरलेला दिवस तो वापरू शकत नाही, विकू शकत नाही, परतही करू शकत नाही. विकला तर तो गुन्हेगार. कंपनीने तो दिवस बुडवला तर तो व्यवहार!

बुडालेला पैसा जातो कोठे? हिशेबशास्त्रात याला 'ब्रेकेज' असे नाव आहे. आगाऊ घेतलेल्या रकमेपैकी जी सेवा गिऱ्हाईक कधीच घ्यायला येणार नाही असा अंदाज असतो, ती रक्कम नियमांनुसार उत्पन्नात धरता येते. त्यात बेकायदा काही नाही. पण अर्थ समजून घ्या. गिऱ्हाइकाचे आजारपण, त्याची न मिळालेली रजा, त्याच्या घरातले मरण, हेही कुणाच्या तरी उत्पन्नाच्या रकान्यात जमा होते.

अमेरिकन संसदेला असा प्रकार ठाऊक नव्हता असे नाही. २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्याने गिफ्ट कार्डावरचे पैसे किमान पाच वर्षे संपू नयेत असा नियम केला आणि तो ऑगस्ट २०१० पासून लागू झाला. परंतु विशिष्ट ठिकाणच्या प्रवेशापुरतेच चालणारे कार्ड किंवा प्रमाणपत्र त्या नियमातून वगळले. दुकानाच्या कार्डाला संरक्षण मिळाले, फाटकाच्या तिकिटाला मिळाले नाही. आपल्याकडेही चित्र फारसे वेगळे नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार बँका व वॉलेट कंपन्यांच्या प्रीपेड साधनांना किमान एक वर्षाची मुदत हवी, मुदत संपण्यापूर्वी धारकाला सावध केले पाहिजे आणि मुदत संपल्यावरही धारकाने मागितले तर शिल्लक त्याच्या बँक खात्यात दिली पाहिजे. मात्र एखाद्या कंपनीने फक्त स्वतःच्याच दारात चालेल असे कूपन काढले तर ते या निर्देशांच्या बाहेर राहते. म्हणजे दोन्ही देशांत तत्त्व मान्य आहे, फक्त तिकिटापाशी येऊन ते थांबते.

मग आपल्याकडे काही उपाय आहे काय? आहे. १९७० मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने थॉर्नटन विरुद्ध शू लेन पार्किंग या खटल्यात सांगितले की, यंत्रातून तिकीट बाहेर पडेपर्यंत करार झालेला असतो, म्हणून त्यानंतर कळलेल्या अटी गिऱ्हाइकावर लादता येत नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाने लिली व्हाइट विरुद्ध मुनुस्वामी या खटल्यात लाँड्रीच्या पावतीवरची अट तपासली. कपडा हरवला तर किमतीच्या १५ टक्केच देऊ, अशी ती अट होती. पावतीवर छापले म्हणून ती ग्राह्य ठरली नाही; ती सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरली. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ब्रोजोनाथ गांगुली या खटल्यात सांगितले की, दोन पक्षांचे बळ विषम असेल आणि दुबळ्याला ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्यावाचून पर्याय नसेल, तर त्यातली अन्याय्य अट न्यायालय टिकू देणार नाही. तो खटला नोकरीचा होता. करमणूक म्हणजे भाकरी नव्हे, हे आम्हाला कळते. पार्कवाला 'नको तर येऊ नका' असे म्हणेलच. परंतु २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा भाकरी आणि करमणूक असा भेद करत नाही. त्याच्या कलम २(४६) मध्ये 'अनुचित करारा'ची व्याख्या आहे आणि ग्राहकाला तोट्यात टाकणारी अवाजवी अट तिच्यात बसते. उरलेल्या दिवसांचे पैसे पूर्ण गिळणारी अट या व्याख्येत येते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण कायदा देतो एका हाताने आणि दार लावतो दुसऱ्या हाताने. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही. तिच्यासाठी राज्य आयोग किंवा राष्ट्रीय आयोग गाठावा लागतो. दीड-दोन हजारांच्या तिकिटासाठी गडचिरोलीचा माणूस राज्य आयोगापुढे जाईल काय? जाणार नाही, हे पार्कवाल्याला पक्के ठाऊक असते. अन्यायाची रक्कम लहान ठेवली की तो सुरक्षित राहतो.

तरीही हात बांधून बसण्याचे कारण नाही. तिकिटाच्या अटी लपवणे, पैसे घेतल्यावर सांगणे, जाहिरातीत 'कधीही या' म्हणून आत मुदत छापणे, हे अनुचित व्यापारी प्रथेत मांडता येते आणि ती तक्रार जिल्हा आयोगात चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. एकाच अटीने अनेकांना फसवले असेल तर कलम ३५ खाली आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते. सहलीची साठ मुले म्हणजे साठ तिकिटे, हे मुख्याध्यापकांनी ध्यानात ठेवावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही आहे. ग्राहक वर्गाच्या हिताला बाध येत असेल तर ते स्वतःहून चौकशी करू शकते.

आमच्या मागण्या चार आहेत. एक, तारखेच्या तिकिटाला आधी कळवल्यास एकदा तारीख बदलून मिळावी. दोन, न वापरलेल्या दिवसांचे भरलेले पैसे किमान एक वर्ष नव्या तिकिटात धरले जावेत. तीन, मुदतीची अट पैसे घेण्यापूर्वी, मराठीत आणि किमतीच्याच आकाराच्या अक्षरात लिहावी. चार, त्यानंतरही कोणी न मागितलेली रक्कम नफ्यात न जाता ग्राहक कल्याण निधीत जावी. हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. मार्च २०२० मध्ये करोनामुळे डिस्ने वर्ल्ड बंद पडले, तेव्हा कंपनीने न वापरलेल्या तिकिटांच्या तारखा पुढे ढकलल्या. दूरसंचार नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितले, तेव्हा २८ दिवसांचा महिना मोजणाऱ्या मोबाईल कंपन्यांना किमान एक ३० दिवसांची योजना ठेवावीच लागली. मुदत ही निसर्गाने घातलेली नसते. ती माणसाने छापलेली असते आणि माणसाला बदलता येते.

तेव्हा यापुढे तिकीट घेताना मागची बाजू वाचा. समजली नाही तर खिडकीवर विचारा, पैसे देण्यापूर्वी विचारा. पावती फेकू नका. बुडाले तर 'जाऊ द्या, दोन हजारच गेले' म्हणू नका. ते दोन हजार कोणाच्या तरी चार दिवसांच्या रोजीचे असतात आणि अशाच दोन-दोन हजारांवर त्यांचे हिशेब जुळतात.