दुसऱ्यांदा अर्ज करणारा शिक्षक

मराठवाड्यातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुणांपैकी काहीजण परदेशी विद्यापीठांत व शाळांत भाषा-अध्यापन सहायक म्हणून जाण्यासाठी अर्ज करीत असतात. आणि पहिल्या खेपेस नकार आला की त्यांतले जिद्दीचे तेवढे दुसऱ्या वर्षी तोच अर्ज पुन्हा भरतात. संख्येने ही गोष्ट लहान आहे. शेतमालाचे भाव, पाण्याचे वाटप, वसाहतींतील कंत्राटी कामगार हे प्रश्न समोर असताना चार-दोन इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या परदेशवारीची चर्चा कशाला, असे कार्यकर्त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. तथापि हा दुसरा अर्ज कोण करतो, कशासाठी करतो आणि परतल्यावर त्याचे काय होते हे पाहिले, तर शिक्षणाच्या क्षेत्रात श्रमाची जी किंमत केली जाते तिचा हिशेब हाती येतो. तो हिशेब मांडलाच पाहिजे.

प्रथम योजनेचे स्वरूप समजून घेणे बरे. २ फेब्रुवारी १९५० रोजी भारत व अमेरिका यांच्यात फुलब्राइट करार झाला. २००८ पासून त्याला नेहरूंचे नाव जोडले गेले. त्या व्यवस्थेत परकीय भाषा-अध्यापन सहायकांची एक योजना आहे. भारतातील इंग्रजीचे तरुण शिक्षक तिथे सुमारे नऊ महिने जातात, आठवड्याला वीस तासांपर्यंत हिंदी, उर्दू वा अन्य भारतीय भाषेच्या अध्यापनाला हातभार लावतात आणि दर सत्रात दोन विषय स्वतः शिकतात. पदवी मिळत नाही. मुदत संपताच परत यावे लागते, आणि पुढची दोन वर्षे मायदेशी काढल्याखेरीज तिथला नोकरीचा वा स्थायिक होण्याचा परवाना मिळत नाही. फ्रान्सची योजना याच धर्तीची, पण उलट दिशेची: ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने आठवड्याला बारा तास तिथल्या शाळांत इंग्रजी संभाषणाचा सराव करून घ्यायचा. असल्या बहुतेक योजना वयाचे बंधन तिशीच्या आसपास घालतात. म्हणजे ज्याने पदव्युत्तर शिक्षण, नेट वा सेट आणि दोन-तीन वर्षांची तासिकांची नोकरी एवढे केले, त्याच्या वाट्याला अर्जाच्या दोन, फार तर तीन संधी येतात. दुसरा अर्ज हा पुष्कळदा शेवटचाच असतो.

आता हा अर्जदार. गुलमंडीच्या परिसरात, औरंगपुऱ्याच्या पुस्तकांच्या दुकानांपासून पैठण गेटपर्यंतच्या गल्ल्यांत, खोली घेऊन राहणारे असे तरुण पुष्कळ आहेत. कुणाचे गाव जालन्याकडे, कुणाचे बीडकडे. जून-जुलैत महाविद्यालयाची जाहिरात येते, मुलाखत होते, तासिका मिळतात. सत्र संपले की नेमणूक संपते आणि पुढल्या जूनमध्ये त्याच खोलीत, त्याच टेबलासमोर, बहुधा त्याच माणसांपुढे पुन्हा मुलाखत द्यावी लागते. पुन्हा अर्ज करणे हे या शिक्षकाच्या जीवनातले अपवादात्मक कृत्य नसून तोच त्याचा वार्षिक क्रम आहे. परदेशाचा दुसरा अर्ज भरताना त्याचा हात थरथरत नाही याचे कारण हेच असावे.

मानधनाचे सांगायचे तर, विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर सुचविला. राज्याचे दर त्या मानाने खालीच राहिले, आठवड्याच्या तासिकांना मर्यादा घातली गेली, आणि सुट्टीच्या महिन्यांचे मानधन अर्थातच शून्य. मराठवाड्यातला ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल तरी आधी घेतो, जरी ती उचलच पुढे त्याच्या गळ्यातला फास होते. तासिकेवरचा प्राध्यापक आधी शिकवतो, आणि मानधन पुष्कळदा सत्र उलटून गेल्यावर हाती पडते. संस्थेला बिनव्याजी कर्ज देणारा हा एक विलक्षण सावकार होय.

अशा माणसाने परदेशीच्या नऊ महिन्यांकडे आशेने पाहिले तर त्याला मोहात पडलेला म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे? चळवळीत मात्र ही भाषा अधूनमधून ऐकू येते. अमेरिकेच्या पैशाने जाणे म्हणजे साम्राज्यवादाचे मीठ खाणे, असा तिचा सूर असतो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि १९५८ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. तिथल्या विद्यापीठांत आशियाई भाषांचे जे वर्ग निघाले, त्यांना बळ देणाऱ्या या कायद्याच्या नावातच ‘संरक्षण’ हा शब्द आहे. १९६२ पासून पी. एल. ४८० च्या गव्हाच्या मोबदल्यात साठलेल्या रुपयांतून मराठीसह भारतीय भाषांची पुस्तके तिकडच्या ग्रंथालयांसाठी विकत घेतली गेली. गहू आपण खाल्ला, पुस्तके त्यांनी नेली. पण त्याच ग्रंथालयांत बसून अमेरिकी अभ्यासकांनी आपल्या संतसाहित्यावर व लोकदैवतांवर काम केले, हेही खरे. राम मनोहर लोहियांनी इंग्रजीच्या वर्चस्वाशी जन्मभर झुंज घेतली. ते १९३३ मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आले आणि तिथे शिकण्यासाठी आधी जर्मन भाषा शिकले. परकी भाषा शिकणे वा शिकवणे आणि परक्याची गुलामी पत्करणे या दोन गोष्टींची गल्लत निदान त्यांच्या वारसांनी तरी करू नये.

याहून जवळचे उदाहरण याच शहराच्या इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, १९१६ मध्ये लंडनला पोहोचले आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धा टाकून परतले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा कुणी देईना. मग सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राची प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तोही त्यांनी पुन्हा सादर केला आणि १९२३ मध्ये पदवी मिळवली. याच आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्यातल्या दलित कुटुंबांतली पहिली पदवीधर पिढी मोठ्या प्रमाणात त्याच्या वर्गांतून बाहेर पडली. ज्या माणसाला दुसऱ्यांदा जायला स्वतःची बचत मोडावी लागली, त्याने परत आल्यावर इतरांना पहिल्यांदा जाता यावे अशी संस्था उभारली. या उदाहरणावरून तरुणांना जिद्दीचे पाठ देणे सोपे आहे. सभांतून ते दिलेही जातात. पण बाबासाहेबांनी जे सोसले ते आणखी कुणाला सोसावे लागू नये याची तजवीज करणे हे सार्वजनिक व्यवस्थेचे काम आहे, आणि ती व्यवस्था याबाबतीत स्वस्थ बसली आहे.

गुलमंडीतल्या अर्जदाराचा पहिला अर्ज का नाकारला जातो? निवड करणारे सहसा कारण कळवीत नाहीत. तरी पुण्या-मुंबईच्या उमेदवाराला आधी जाऊन आलेला कुणीतरी भेटतो, तो निवेदन तपासून देतो, मुलाखतीत काय विचारतात ते सांगतो. इथल्या उमेदवाराला मुलाखतीलाही मुंबई आणि व्हिसालाही मुंबई. त्याचे निवेदन बहुधा भाषेच्या थोरवीने, संस्कृतीच्या गौरवाने आणि गुरुजनांच्या ऋणाने भरलेले असते. निवडणाऱ्याला हवे असते ते वेगळेच: हा माणूस वर्गात नेमके काय करील?

आणि इथे या शहराच्या उमेदवाराजवळ असे भांडवल असते की ज्याची किंमत त्याला स्वतःला ठाऊक नसते. हिंदीतला ‘ने’ घ्या. मराठी माणूस ‘रामाने आंबा खाल्ला’ म्हणतो, पण ‘मी आंबा खाल्ला’ म्हणताना ‘ने’ लावीत नाही. हिंदीत मात्र ‘मैंने आम खाया’ म्हणावेच लागते. शहागंज-सिटी चौकातली दखनी बोली तर हा ‘ने’ बहुतेक ठिकाणी खुशाल गाळून टाकते. घरी मराठी, रस्त्यावर दखनी आणि शाळेत पुस्तकी हिंदी अशा तीन व्यवस्थांतून वाढलेल्या मुलाला हा प्रत्यय कुठे लागतो आणि कुठे लागत नाही हे अडखळून, चुकून, जाणीवपूर्वक शिकावे लागलेले असते. अमेरिकन विद्यार्थी नेमका तिथेच अडखळतो. ज्याला भाषा जन्मतः आयती मिळाली त्याच्यापेक्षा, ती पायरीपायरीने चढलेला शिक्षक त्याला अधिक उपयोगी पडणार हे उघड आहे. पहिल्या अर्जात यातले एक अक्षरही नसते, कारण बोलीची लाज बाळगायला आपल्या शाळांनीच शिकवले आहे.

लाज बाळगण्याजोगे या शहराच्या भाषिक इतिहासात खरोखर काही नाही. वली दखनी इथलाच. १७०० च्या सुमारास तो दिल्लीला गेला आणि फारसीत कविता रचणाऱ्या दिल्लीकरांना आपल्या बोलीतही गझल लिहिता येते हे त्याच्या काव्याने दाखवून दिले. (त्याची अहमदाबादेतील कबर २००२ च्या दंगलीत जमीनदोस्त करण्यात आली, ही आठवण इथे टाळता येत नाही.) अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय मौलवी अब्दुल हक यांच्या काळात १९३८ पर्यंत औरंगाबादेतच होते. निजामी राजवटीत मराठीची जी गळचेपी झाली ती मराठवाडा विसरलेला नाही, विसरूही नये. पण भाषा बाहेर नेऊन शिकवण्याची परंपरा या गावाला नवी नाही एवढे त्यातून ध्यानात यावे.

विरोधाभास असा की मराठीचा हा शिक्षित तरुण परदेशी जातो तो बहुधा हिंदीचा सहायक म्हणून. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश काढून २९ जूनला तो मागे घेणाऱ्या राज्यकर्त्यांनी या गोष्टीवर थोडा विचार करायला हरकत नव्हती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. मग मराठी शिकवायला बाहेर कोण जाणार? उत्तर अमेरिकेत १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा मुख्यतः आईबापांच्या सुट्टीच्या दिवशीच्या स्वयंसेवेवर चालतात. मॉरिशसमध्ये १८३४ नंतर गिरमिटावर गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांनी भाषा टिकवली; तिथे शाळांत मराठी शिकवली जाते आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेतही तिचे अध्यापन होते. अशा ठिकाणी वर्षाकाठी वीस-पंचवीस तरुण सहायक राज्याच्या खर्चाने पाठवणे हा महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात न दिसण्याइतका लहान खर्च आहे. एका साहित्य संमेलनाच्या मंडपाचा हिशेब त्याच्याशेजारी मांडून पाहावा.

दरम्यान अमेरिकेचे दार अरुंद होत आहे. मे २०२५ मध्ये विद्यार्थी व विनिमय व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या गेल्या. जून २०२५ मध्ये फुलब्राइटच्या तिथल्या मंडळाच्या बारापैकी अकरा सदस्यांनी निवडीत राजकीय हस्तक्षेप झाल्याचा आरोप करून राजीनामे दिले. म्हणजे इथला तरुण अर्ज सुधारून उभा राहतो तेव्हा निवडीचे निकषच त्याच्या पायाखालून सरकू लागलेले असतात. शिवाय तिथेही तो कायम प्राध्यापकाची जागा वाचवणारा स्वस्त हातच आहे. इथल्या संस्थाचालकाने जे गणित मांडले तेच तिथल्या विद्यापीठाने मांडले. फरक एवढाच की तिथे मानधन वेळेवर मिळते आणि ग्रंथालय रात्रीपर्यंत उघडे असते. हा फरक लहान नाही, हे ज्याने दोन्ही भोगले तोच जाणे.

दादाभाईंनी संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत मांडला तो इथून जाऊन परत न येणाऱ्या धनाबद्दल होता. सहायकाची गोष्ट निराळी आहे: तो नियमानेच परत येतो. प्रश्न त्याच्या परतण्यातूनच उभा राहतो. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला रजा नाही, तेव्हा जागा राखून ठेवण्याचाही प्रश्न नाही. नऊ महिन्यांनी तो येतो तेव्हा त्याच्या तासिका दुसऱ्या कुणाला तरी दिलेल्या असतात, आणि त्या दुसऱ्याचीही चूक नसते. परकी भाषा कशी शिकवावी याचा जो अनुभव त्याने आणला तो इथल्या इंग्रजीच्या वर्गाला सर्वांत जास्त हवा असतो. कारण मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेल्या मुलाला इंग्रजी ही परकी भाषाच आहे, हे आपले अभ्यासक्रम अजून मान्य करीत नाहीत. तो अनुभव वर्गात पोहोचण्याऐवजी रस्त्यावरच्या एखाद्या खाजगी शिकवणीत विकला जातो.

म्हणून प्राध्यापक संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात तीन गोष्टी घातल्या पाहिजेत. तासिका तत्त्वावरील शिक्षकाची अशा योजनेत निवड झाल्यास परतल्यावर त्याला त्याच महाविद्यालयात त्याच तासिका मिळण्याचा हक्क असावा. तो काळ अध्यापनाचा अनुभव म्हणून आपोआप धरला जावा. त्यासाठी त्याला दाखल्यांची भिक्षांदेही करावी लागू नये. आणि विद्यापीठाने अशा योजनांची माहिती मराठीतून, जिल्ह्याच्या महाविद्यालयांपर्यंत, मुदतीच्या पुरेशी आधी पोहोचवावी. रिक्त पदांची कायम भरती ही मूळ मागणी या तिन्हींच्या वर आहेच. तिच्या आड येण्यासाठी हे सांगितलेले नाही. कायम नोकरी असलेले सभासद या मागण्यांना कितपत उचलून धरतील याबद्दल शंका घ्यायला जागा आहे, कारण तासिकेवरच्या सहकाऱ्याला चहाच्या टेबलावर बसवून घेणे वेगळे आणि त्याच्यासाठी सह्यांची मोहीम काढणे वेगळे.

कार्यकर्त्यांना मात्र संघटनांची वाट पाहण्याचे कारण नाही. जे जाऊन आले त्यांना शोधून काढावे, आणि गुलमंडीत एखाद्या वाचनालयाची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ मिळवून नव्या अर्जदारांची निवेदने त्यांच्याकडून वाचून घ्यावीत. शिफारसपत्र दुसऱ्यांदा मागायला गेलेल्या मुलाला ‘गेल्या वर्षी दिले होते ना?’ असे ऐकून परत फिरावे लागते. त्याच्याबरोबर प्राचार्यांकडे एक वडीलधारा माणूस गेला तर तेवढ्यानेही काम होते. यंदाच्या अर्जांपूर्वी हे सुरू व्हायला हवे, कारण यांतल्या काहींचे वय पुढल्या वर्षी अटीत बसणार नाही.