चेहऱ्याची साल काढण्याआधी

लग्नसराई जवळ आली की वस्तीच्या नाक्यावर पार्लरचे फलक लागतात : पील, पॉलिशिंग, लेसर, 'पाच सिटिंगमध्ये नवा चेहरा'. मुरमांचे डाग आणि वांग घालवण्यासाठी आपल्या मुली, बायका आणि आता मुलगेही साठवलेले पैसे तिथे मोडतात. डाग जावेत असे वाटणे यात गैर काही नाही. पण आपण दर विचारतो, कातडीचे काय होणार हे विचारत नाही, याची आम्हाला काळजी वाटते.

पीलमध्ये ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक आम्ल लावून वरची साल सोलतात. सौम्य पील मुरमांना व वरवरच्या डागांना उपयोगी पडते, मात्र ते दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने अनेकदा करावे लागते. यंत्राने घासून केलेले पॉलिशिंग त्याहून वरवरचे. चेहरा काही दिवस गुळगुळीत वाटतो, मुरमांचे खड्डे भरत नाहीत. खड्ड्यांसाठी बारीक सुया टोचण्याचा उपचार, म्हणजे मायक्रोनीडलिंग, किंवा फ्रॅक्शनल लेसर असते. ही दोन्ही कामे त्वचारोगतज्ज्ञाचीच.

आपल्या सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त तयार होते. ती भाजली, खोल सोलली किंवा सुजली की तेवढी जागा काळी पडते आणि तो काळेपणा महिनोन्‌महिने जात नाही. म्हणून कडक पील आणि लेसर यांचा धोका आपल्याला जास्त. वांग तर लेसरनंतर पुन्हा उसळून येऊ शकतो. महाग तेच गुणकारी, हा हिशेब इथे चालत नाही. सौम्य उपचारापासून सुरुवात करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट फलकावर लिहिलेली नसते. पीलनंतर ऊन टाळावेच लागते. जी बहीण रस्ता झाडते, भाजी विकते किंवा बांधकामावर जाते, तिला ते जमणार कसे? तिने पील न केलेलेच बरे.

आधी सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढावा. डाग मुरमांचा, वांगाचा की दुसऱ्या आजाराचा, हे ठरल्याशिवाय उपचार निवडता येत नाही. बरेच डाग औषध, सनस्क्रीन आणि छत्री-ओढणीने काही महिन्यांत फिके होतात. गोरे करणारी क्रीम लावत असाल तर ट्यूब सोबत न्या. अशा काही क्रीममध्ये स्टेरॉइड असते, त्याने कातडी पातळ होते. 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती दुकानात सहज मिळतात.

खासगीत गेलात तर तीन प्रश्न विचारा. डॉक्टर त्वचारोगात शिकलेले आहेत का? एकूण किती वेळा यावे लागेल आणि सगळा खर्च किती? डाग काळा पडला तर पुढे काय करणार? लग्न तोंडावर आले असताना पहिल्यांदाच पील करू नका.

डागावर उपचार असतो. रंगावर उपचार लागत नाही, कारण तो आजारच नाही. 'गोरी करून देतो' म्हणणाऱ्याच्या खुर्चीत आपल्या लेकीला बसवू नये, आणि पाहुण्यांपुढे तिच्या रंगाबद्दल आपण स्वतःही बोलू नये.