शिंगराला खोगीर केव्हा?

सारंगखेड्याच्या बाजारातून शिंगरू घरी आले, की पोरांना स्वार व्हायची घाई होते. शेतकरी बंधूंनो, आधी दात पाहा. मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात, शेजारचे साडेतीनला. पाठीचे मणके तर पाच वर्षांनंतरही भरत असतात. तेव्हा चौथे वर्ष लागेपर्यंत थांबावे. दोन वर्षांच्या जनावरावर बसून ते नाचवून दाखवणारा व्यापारी मला तरी पसंत नाही.

तोवर लांब दोरीवर फिरवा. नुसते खोगीर आठवडाभर वागवू द्या, तंग हळूहळू आवळा. मग हलक्या अंगाचा, शांत माणूस बसवा. पहिल्यांदा दहा मिनिटे पुरेत. शिंगराने कान मागे पाडले, पाठ उचलली, तर चाबूक उगारण्याआधी खोगिराखाली हात घालून कुसळ किंवा चुणी आहे का ते बघा.