राजाचं मैदान, कुणाचं मैदान?

लेकीकडे बँकॉकला गेले होते, तेव्हा राजवाडा बघून बाहेर पडलो आणि समोर हे भलंमोठं हिरवंगार मैदान दिसलं. सनाम लुआंग, म्हणजे राजाचं मैदान. जुनं नाव थुंग फ्रा मेन. यातलं ‘मेन’ म्हणजे आपला मेरू पर्वत बरं का! राजघराण्यातल्या माणसांची चिता मेरूच्या आकाराची रचायची, म्हणून ते नाव. अशुभ वाटतं म्हणून १८५५ साली राजा मोंगकुट यांनी ते बदललं. काम मात्र तेच राहिलं. २०१७ साली राजा भूमिबोल यांचे अंत्यसंस्कार इथेच झाले.

मे महिन्यात इथे राजातर्फे नांगरट होते. पांढऱ्या बैलांपुढे भात, मका, तीळ, गवत, पाणी, अगदी दारूसुद्धा ठेवतात. ते कशाला तोंड लावतात त्यावरून पीकपाण्याचं भाकीत! नंतर लोक पेरलेलं बी वेचायला धावतात. मला आपला पोळा आठवला.

पण हा झाला राजाचा इतिहास. १९८२ पर्यंत याच मैदानात शनिवार-रविवारचा बाजार भरायचा, तो पुढे चतुचकला हलवला. आणि ६ ऑक्टोबर १९७६ रोजी शेजारच्या थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. काहींचे मृतदेह मैदानातल्या झाडांना टांगले गेले. सरकारी हिशेबाने एकूण ४६ मृत. १९७८ साली माफीचा कायदा झाला, शिक्षा कुणालाच नाही. २०२० च्या सप्टेंबरात तरुण आंदोलकांनी ‘हा देश जनतेचा’ अशा अर्थाची पाटी मैदानात बसवली. चोवीस तासांत ती गायब!

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. एकदा सहावीतल्या मुलीने विचारलं होतं, “बाई, तेव्हा बाकीची माणसं काय करत होती?” मी म्हटलं, “ते परीक्षेला नाही, खाली बस.” त्या मैदानासमोर उभी असताना तीच पोर डोळ्यांपुढे आली.

माझं मत विचाराल तर राजाचे सोहळे खुशाल व्हावेत. पण विद्यापीठाच्या आवारात स्मारक आहे तसा त्या झाडांपाशीही एक साधा दगड हवा, वर तारीख कोरलेली. शाळेची सहल आली आणि एखाद्या मुलीने प्रश्न विचारला, तर तिच्या बाईंना उत्तर द्यावं लागेल.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.